स्पिंडलला ‘पी-फोर’ बेअरिंग टाकतो म्हणून 35,500 ला गंडवलं, जुने ग्राइंडर असणाऱ्यांनी वाचा

भोसरी, चाकण, पिरंगुट, कुठेही जुना सरफेस ग्राइंडर (जॉब घासून सपाट करणारं मशीन) चालवत असाल तर हे वाचा. डोकं अजून फिरलेलंच आहे त्यामुळे भाषा थोडी इकडेतिकडे झाली तर समजून घ्या.

माझा प्रागा कंपनीचा जुना ग्राइंडर आहे. जॉबवर लाटा यायला लागल्या, हेड तापायला लागलं, व्हील ड्रेस करून बघितलं, स्पार्क आउट दिला (नवा कट न देता व्हील नुसतं फिरवलं), तरी तेच. म्हणजे स्पिंडलची, व्हील फिरवणाऱ्या शाफ्टची, बेअरिंगं गेली. वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर दोघातिघांनी एकाच माणसाचं नाव सांगितलं म्हणून त्याला बोलावला, रस्त्यावरचा कुणी धरून आणला नव्हता. कोटेशन: पुढची अँग्युलर बेअरिंगांची जोडी आणि मागचं एक, सगळं इंपोर्टेड पी-फोर म्हणजे अतिअचूक ग्रेडचं, 24,000. मजुरी आणि बॅलन्सिंग 11,500. 20,000 आधी जीपे केले, 15,500 डिलिव्हरीला रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणे "शेठ, अठरा टक्के वर लागतील, कशाला उगाच?" आणि कच्ची चिठ्ठी दिली. रिपेअरिंगची कामं एमआयडीसीत कशी चालतात ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे त्यावरून मला कुणी शिकवू नये. आणि स्वस्त मिळतंय म्हणून गेलो असंही नाही, रेट खऱ्या मालाचाच होता.

तिथेच कळायला हवं होतं असा एक क्षण आहे आणि तो आठवला की अजून संताप होतो. स्पिंडल बसवून झाल्यावर त्याने स्वतःच्या बॅगेतला डायल गेज काढला, स्पिंडलच्या नाकावर (पुढच्या टोकावर) टेकवला, हाताने हळूहळू फिरवला आणि म्हणाला, "बघा शेठ, काटा हलतो का?" काटा खरंच हलला नाही. कसा हलेल? तो साधा प्लंजर डायल, त्याचा एक भाग म्हणजे 10 मायक्रॉन! ग्राइंडरच्या स्पिंडलला दोन-तीन मायक्रॉनची भांडणं असतात, तिथे एक मायक्रॉनचा लिव्हर डायल लागतो. माझ्या कपाटात तो पडला होता. पण दारात जॉब घेऊन पार्टी उभी, गुरुवारची सुट्टी तोंडावर, समोरचा माणूस एवढ्या खात्रीने बोलतोय, अशा वेळी कोण कपाट उघडायला जातं सांगा. जुनी बेअरिंगं दे म्हटलं तर "भंगारात गेली". बॉक्स दाखव म्हटलं तर "दुकानात राहिला". मशीन चालवून दाखवलं ते दोन मिनिटं. तुम्ही निदान तासभर चालवायला लावा आणि हेड किती तापतंय ते बघूनच उरलेले पैसे द्या.

थोड्याच दिवसांत लाटा परत, आधीपेक्षा जास्त. दुसऱ्या मिस्त्रीकडून उघडून घेतलं तर आत काय, पंपात बसतात तसली साधी 40 डिग्रीची बेअरिंगं, त्यावर कुणीतरी पी-फोर कोरलेलं. पुढची दोन्ही वेगळ्या लॉटची, म्हणजे जोडी नाहीच. खऱ्या मॅच्ड जोडीच्या बाहेरच्या रिंगवर दोन्ही मिळून एक व्ही ची खूण येते, ती कुठेच नाही. ग्रीस गच्च ठासून भरलेलं, म्हणून तर तापत होतं. आणि सगळ्यात संतापाची गोष्ट, शाफ्टची सीट (बेअरिंग बसतं ती जागा) सैल होती ती घट्ट करायला या हरामखोराने सीटवर सेंटर पंचने टिपके मारले होते. अख्ख्या सीटवर, देवी आल्यासारखे. ते हार्ड क्रोम करून परत ग्राइंड करायला 8,200, खरी बेअरिंगं मजुरीसकट 36,700, रिजेक्ट झालेल्या डाय प्लेट 14,000. त्याचे 35,500 धरून 94,400.

त्याने फोन उचलणं बंद केलं म्हणून चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "बेअरिंग फिरतंय ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." अहो, खोटा नंबर कोरून माल विकलाय, भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचंच आहे ना? तर म्हणे अर्ज द्या, आणि अर्जाची पोच मागितली तर कपाळाला आठ्या. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, ते म्हणाले काम समोरासमोर झालंय, हे सायबर नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणतो मशीन धंद्याचं, समोरचा "व्यावसायिक वापर" म्हणून अडवणार. पोटापाण्यासाठी स्वतः मशीन चालवणारा कायद्याने ग्राहक ठरतो, पण तेही मीच सिद्ध करायचं! आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच, पक्कं बिल आहे का. चोर सोडून सगळे माझीच उलटतपासणी घेतायत. टॅक्स भरायच्या वेळी आम्ही उद्योजक आणि तक्रार घेऊन गेलो की आम्ही कुणीच नाही.

बेअरिंग अधिकृत डीलरकडून स्वतः विकत आणा, मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. सील स्वतःच्या हाताने फोडा. एसकेएफचं ऑथेंटिकेट, शेफलरचं ओरिजिनचेक अशी ॲप आहेत, बसवायच्या आधी वापरा. डायल तुमचा लावा, त्याचा नाही.

मी आता पोलीस आयुक्तालयात स्पीड पोस्टाने अर्ज टाकतोय. काढलेली बेअरिंगं, पंच मारलेल्या शाफ्टचे फोटो, जीपेचा स्क्रीनशॉट सगळं ठेवलंय. कुणाला असाच पी-फोर कोरलेला माल मिळाला असेल तर बेअरिंग फेकू नका आणि चॅट डिलीट करू नका, चार-पाच जणांचे अर्ज एकत्र गेले तर दिवाणी म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.