तिसरी-चौथीच्या हातात काय द्यावं: भिंग की फोल्डस्कोप?

वर्गासाठी थोडे पैसे जमलेत, मुलांना पानाफुलांची, किड्यामुंग्यांची गोडी लावायची आहे. मग प्रश्न येतो: साधी भिंगं घ्यायची की कागदी सूक्ष्मदर्शक? माझं मत आधीच सांगते. चौथीपर्यंत भिंग, आणि तेही दोन मुलांत एक.

फोल्डस्कोप मला मनापासून आवडतो. स्टॅनफर्डमधल्या मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. त्यावरचा शोधनिबंध २०१४ साली आला. घड्या घालून जुळवलेला कागद, त्यात मण्याएवढं एकच भिंग, आणि वस्तू दिसते सुमारे १४० पट मोठी. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दिसतात, डबक्याच्या थेंबात जीव धावताना दिसतात. मोबाइल जोडला की सगळ्या वर्गाला एकदम दाखवता येतं.

पण आठ वर्षांच्या मुलाला तो वापरताना पाहा. पापुद्रा पातळ सोलायचा, सुरकुती न पडता काचपट्टीवर पसरायचा, डोळा अगदी टेकवायचा आणि अंगठ्यानं कागद केसभर सरकवायचा. एवढं करून जे दिसतं ते कशाचं, हेच कळत नाही. मुंगीच्या पायाचा तुकडा दिसतो, मुंगी हरवते. मग मूल बाईंकडे बघतं आणि उत्तर बाईंनाच द्यावं लागतं. शोध लागण्याची मजा तिथंच जाते.

भिंगाखाली मुंगी मुंगीच राहते, चालत राहते. शाळेच्या कुंपणाला उगवणाऱ्या एकदांडीचा पिवळा गोंडा म्हणजे इवल्या इवल्या फुलांचा घोसच आहे, हे मुलं आपली आपण हुडकतात. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर फुलपाखराचं मोत्यासारखं अंडं सापडलं, तर महिनाभराचा अभ्यास मिळाला म्हणून समजा. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. असं का करत असेल, यावर मुलं तावातावानं भांडतात, आणि ते भांडण मिटवायची घाई करू नये. फोल्डस्कोपखाली ही अख्खी अळी मावणारच नाही.

भिंग घेताना मात्र खेळण्यांच्या दुकानातलं मोठं, दांड्याचं घेऊ नका. त्यातलं बहुतेक दोन-तीन पटच मोठं दाखवतं. सोनार वापरतात तसं छोटं, घडीचं, दहापटीचं काचेचं घ्या. प्लास्टिकला लगेच ओरखडे पडतात. ते डोळ्याजवळ धरून वस्तू जवळ आणायची, हे पहिल्या दिवशीच शिकवा. मुलं हात लांब करून धरतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. सूर्याकडे बघायचं नाही, हे दोन्ही साधनांना लागू.

मुलं सहावी-सातवीची असतील, किंवा पाच-सहा जणांचाच गट असेल आणि शेजारी बसायला मोठं माणूस असेल, तर फोल्डस्कोप खुशाल घ्या. लहानांच्या वर्गातही पैसे उरले तर एक कपाटात असू द्या. एखादं मूल भिंग खाली ठेवून “याहून बारीक दिसेल का?” म्हणेल, तेव्हा तो काढा.