बारा सत्रे आणि एक ‘च’: समुपदेशन सेवेचा अनुभव

समुपदेशन घ्यावे की नाही, या विचारात मी जवळजवळ दोन वर्षे घालवली, आणि त्या दोन वर्षांत माझे नेमके काय बिघडले आहे हे मला कोणी विचारले असते तर नीट सांगता आले नसते. झोप उडाली होती, कामातली किरकोळ चूकसुद्धा चार-चार दिवस डोक्यात घोळत राहत असे, आणि घरात कोणी साधी तक्रार केली तरी मी एकतर भांडू लागत असे, नाहीतर रडू लागत असे. अखेर व्हिडिओ कॉलवरून समुपदेशन देणाऱ्या एका संस्थेकडे मी नाव नोंदवले आणि तिथली बारा सत्रे पूर्ण केली. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या काही तक्रारीही आहेत, आणि अशी सेवा निवडताना काय पाहावे हे वाचकाला नावापेक्षा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

नोंदणीनंतर दोन प्रश्नावल्या भराव्या लागतात. ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याच्या लक्षणांविषयीची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असून तिच्यात ० ते २७ गुण मिळू शकतात. ‘जीएडी-७’ ही चिंतेविषयीची सात प्रश्नांची असून तिचे कमाल गुण २१ आहेत. दोन्ही प्रश्नावल्या मागच्या दोन आठवड्यांपुरतेच विचारतात. पहिलीत माझे १३ गुण आले, म्हणजे मध्यम तीव्रतेच्या पट्ट्यात, आणि तो आकडा पाहून मी घाबरले. संस्थेची पहिली चांगली बाजू इथेच दिसली. त्याच दिवशी एका प्रशिक्षित व्यक्तीचा फोन आला आणि तिने स्पष्ट सांगितले की ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान माणूस माणसाशी बोलून करतो. मृत्यूच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्याखेरीज काहीही आले, तर त्या व्यक्तीला सत्राची वाट पाहायला न लावता लगेच मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून दिले जाते, हेही तिने सांगितले. गोपनीयतेच्या मर्यादाही पहिल्याच संभाषणात मांडल्या गेल्या: बोललेले बाहेर जाणार नाही, मात्र कोणाच्या जिवाला धोका असल्याचे दिसले तर गप्प बसता येणार नाही. ज्या सेवेत या दोन गोष्टी आपण न विचारता सांगितल्या जात नाहीत, ती मी घेणार नाही.

पहिल्या समुपदेशिका मला लाभल्या नाहीत. त्या प्रेमळ होत्या, परंतु मी एखादी चूक सांगितली की त्या ताबडतोब माझे चार गुण सांगत, आणि सत्र संपताना मला हलके वाटत असले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते हलकेपण शिल्लक राहत नसे. दोन सत्रांनंतर मी बदल मागितला. तो मागताना मला त्यांचा विश्वासघात केल्यासारखे वाटत होते, पण संस्थेने एका ओळीचेही स्पष्टीकरण न मागता आठवड्याच्या आत दुसरी व्यक्ती दिली. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले होते की उपचारातले नाते तीन गोष्टींवर उभे असते: उद्दिष्टाविषयी एकमत, त्यासाठी करायच्या कामाविषयी एकमत, आणि दोघांमधला विश्वासाचा धागा. माझ्या बाबतीत धागा जुळला होता, परंतु काम कोणते करायचे याविषयीच आमचे पटत नव्हते. बदल मागणे हा अपमान नसून प्रक्रियेचा भाग आहे, हे संस्थेने आपल्या वागण्यातून मला दाखवले, आणि मनाशी संबंधित कोणतीही सेवा निवडणाऱ्याने ही सोय आहे का हे आधी विचारून घ्यावे.

दुसऱ्या समुपदेशिकांनी पहिल्याच भेटीत मला एक वही ठेवायला सांगितली. मन बिघडले की त्या क्षणी मनात आलेले वाक्य जसेच्या तसे लिहायचे, एवढेच काम होते. पुढच्या सत्रात त्यांनी ती वाक्ये मलाच मोठ्याने वाचायला लावली आणि विचारले, “यातल्या प्रत्येक वाक्यात तुम्हाला काही समान दिसते का?” मला दिसले नाही. तेव्हा त्यांनी वाक्यांतल्या प्रत्येक ‘च’ला गोल करायला सांगितले. ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ ‘त्याने मला समजून घेतलेच पाहिजे.’ ‘हे असे व्हायलाच नको होते.’ पान गोलांनी भरले. इतकी वर्षे मराठी बोलत असूनही या एका अक्षरात माझा किती आग्रह साठलेला आहे, हे मी कधी पाहिले नव्हते.

ही पद्धत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या, मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचारावर आधारलेली आहे. तिचे म्हणणे असे की घटना थेट आपल्याला अस्वस्थ करत नाही. घटना आणि अस्वस्थता यांच्यामध्ये आपली एक धारणा उभी असते, आणि ती धारणा इच्छेच्या रूपात आहे की हट्टाच्या, यावर बरेच काही ठरते. ‘माझ्याकडून चूक होऊ नये अशी माझी फार इच्छा आहे’ हे वाक्य मला प्रयत्न करायला लावते. ‘होताच कामा नये’ हे वाक्य चूक झाल्यावर मला गुन्हेगार ठरवते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: कोणतीही गोष्ट मनावर घेऊ नका, असे ही पद्धत सांगत नाही. चूक झाल्यावर वाईट वाटणे योग्यच आहे, ते खूप वाटले तरी योग्य आहे. फक्त ‘ही कृती चुकली’ यावरून ‘मी माणूस म्हणून चुकीची आहे’ इथवर जी उडी आपण मारतो, तिला काही आधार नाही.

आपण कसे आहोत याचे गुणपत्रक लिहिणेच थांबवायचे, या कल्पनेशी मी तीन सत्रे झगडले. मला वाटत होते की स्वतःला स्वीकारले तर मी सुधारणार नाही, आळशी होईन, बेफिकीर होईन. समुपदेशिकांनी वाद घातला नाही. त्यांनी विचारले, “इतकी वर्षे स्वतःला बोल लावून तुमच्या चुका कमी झाल्या का?” झाल्या नव्हत्या; फक्त त्या लपवण्यात मी तरबेज झाले होते. पहिल्या समुपदेशिकांचे कौतुक का टिकले नाही, हेही मला त्या दिवशी कळले. त्या माझ्या गुणपत्रकातले गुण वाढवू पाहत होत्या, आणि दुसऱ्या ते पत्रकच बाजूला ठेवायला सांगत होत्या. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचारकाकडून अपेक्षिलेल्या अटींपैकी एक म्हणजे समोरच्याविषयीचा विनाअट आदर. ती अट पुस्तकी वाटते, पण ती आपल्याला मिळत असताना अंगावरचे ओझे उतरल्यासारखे वाटते.

आता नात्यांविषयी, कारण या बारा सत्रांचे खरे मोल मला तिथे कळले.

माझी धाकटी बहीण एका महत्त्वाच्या मुलाखतीला गेली होती आणि मी तिला फोन करायला विसरले. दोन दिवसांनी ती म्हणाली, “ताई, तुला आठवण राहिली नाही याचे मला वाईट वाटले.” त्यावर मी अर्धा तास माझ्या कामाचा व्याप सांगितला, मग ‘मी बहीण म्हणून नालायकच आहे’ असे म्हणून रडले, आणि शेवटी तीच मला समजावत बसली. हा प्रसंग मी सत्रात सांगितला, तेव्हा समुपदेशिकांनी एकच प्रश्न विचारला: “त्या दिवशी वाईट कोणाला वाटले होते?” त्या प्रश्नाने मला जे दिसले ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. ज्याला स्वतःचा स्वीकार करता येत नाही, त्याच्यापुढे जवळच्या माणसांना तक्रारसुद्धा करता येत नाही, कारण तक्रार केली की त्यालाच सांभाळावे लागते. मी माझ्या अपराधी भावनेला संवेदनशीलता समजत होते, आणि त्या संवेदनशीलतेखाली माझी माणसे हळूहळू बोलायची बंद होत होती.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या निरीक्षणातून भांडणातल्या चार घातक सवयी वेगळ्या काढल्या आहेत: व्यक्तीवर टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंत उभी करणे. माझी सवय तिसरी, माझ्या नवऱ्याची चौथी. चौथीला आपण पटकन ‘अबोला’ म्हणू, पण समुपदेशिकांनी त्यात एक महत्त्वाचा फरक केला, तो मला फार पटला. अबोला बहुतेक वेळा समोरच्याला शिक्षा म्हणून धरलेला असतो. भिंत मात्र अनेकदा शरीरच उभी करते. भांडण तापले की हृदयाचे ठोके वाढतात, आणि ते मिनिटाला शंभराच्या वर गेले की ऐकून घेणे आणि नीट विचार करणे अवघड होऊन बसते. अशा वेळी किमान २० मिनिटे थांबावे, आणि थांबताना परत कधी बोलायचे ते सांगून जावे. नवरा उठून दुसऱ्या खोलीत गेला की त्याला माझी पर्वा नाही असे मी धरून चालत असे. आता तो “अर्ध्या तासाने बोलू” असे म्हणून जातो, आणि अर्ध्या तासाने खरोखर येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा, त्या अर्ध्या तासात मनात जुळवून ठेवलेली माझी सगळी उत्तरे मी टाकून दिली.

सीमारेषांविषयी झालेली दोन सत्रे मात्र घाईत उरकली गेली. ‘तू माझ्याशी असे बोलू नकोस’ हा हुकूम झाला आणि ‘आवाज चढला तर मी संभाषण थांबवीन’ ही सीमा झाली, कारण दुसऱ्या वाक्यातली कृती माझ्या हातात आहे, एवढे मला कळले. पण ही सीमा वयाने मोठ्या माणसापुढे कशी मांडायची, हा माझा प्रश्न अनुत्तरित राहिला.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेल्या आत्मकरुणेच्या संकल्पनेवरही एक गृहपाठ होता. तिचे तीन भाग आहेत: स्वतःशी मायेने वागणे, असे दुःख आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेले नाही हे ओळखणे, आणि वेदनेत वाहून न जाता तिच्याकडे जागेपणाने पाहणे. जवळच्या मैत्रिणीला लिहावे तसे पत्र स्वतःला लिहायचे होते. पहिले पत्र मला जमले नाही. ते उपदेशांनी भरलेले निघाले. दुसऱ्यात मी फक्त त्या आठवड्यात काय अवघड गेले ते लिहिले, आणि ते वाचून मला बरे वाटले.

आता तक्रारी. सर्वांत मोठी तक्रार संस्थेच्या ॲपविषयी आहे. रोज सायंकाळी ते मनःस्थिती नोंदवायला सांगते, सलग किती दिवस नोंद केली त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवते, आणि एक दिवस चुकला की तो आकडा शून्यावर आणते. स्वतःला सतत गुण देण्याच्या सवयीतून बाहेर पडायला आलेल्या माणसाच्या हातात अशी गोष्ट देणे हा विचारशून्यपणा आहे. सत्रात जे सुटत होते, ते हे ॲप रोज सायंकाळी पुन्हा बांधत होते. मी सहाव्या आठवड्यात त्याच्या सूचना बंद केल्या आणि संस्थेला तसे सविस्तर कळवले. उत्तर आले, पण ते सर्वांना पाठवले जाणारे ठरावीक उत्तर होते. दुसरी तक्रार सत्राच्या वेळेची. ५० मिनिटांची मर्यादा मला मान्य आहे, परंतु वेळ संपताच कॉल आपोआप तुटतो, आणि सातव्या सत्रात मी वडिलांविषयी पहिल्यांदा बोलत असताना तो वाक्याच्या मध्येच तुटला. समुपदेशिकांनी दोन मिनिटांत फोन करून ते सत्र नीट पूर्ण केले, पण तो त्यांचा चांगुलपणा होता, व्यवस्थेचा नव्हे. याखेरीज, सायंकाळच्या वेळा मिळायला फार थांबावे लागते.

ही सेवा कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे संस्थेने स्वतः अधिक ठळकपणे सांगायला हवे. ज्यांचे जेवणखाण, झोप, रोजचे व्यवहार पूर्ण कोलमडले आहेत, किंवा ज्यांना जगणे नकोसे वाटते आहे, त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. औषधांची गरज असेल तर ती बोलण्याने भागत नाही, आणि औषध घेणे हा पराभव नाही. ज्यांना नात्यात मारहाण किंवा धाकदपटशा सहन करावा लागतो आहे, त्यांनी स्वतःच्या धारणा तपासण्याआधी स्वतःच्या सुरक्षिततेची तजवीज करावी. तिथे वहीतले ‘च’ शोधत बसू नये. ‘मला कोणी मारताच कामा नये’ हा ‘च’ न्यायाचा आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे.

बाराव्या सत्रात पीएचक्यू-९ पुन्हा भरून घेतली, तेव्हा माझे सहा गुण आले, म्हणजे सौम्य पट्ट्यात. मला अजूनही काही रात्री झोप लागत नाही. समुपदेशिकांनी त्या आकड्यावर फारसा वेळ घालवला नाही. आमच्या एकत्र कामातले काय पटले नाही ते त्यांनी विचारले, आणि मी सीमारेषांच्या सत्रांविषयीची नाराजी न रडता, माफी न मागता सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. तीन महिन्यांनंतरचे पाठपुराव्याचे सत्र मी त्यांच्याकडेच नोंदवून ठेवले आहे, आणि त्याचा विषय तोच ठरला आहे.