रंगीत लोकरीची पिशवी: विणून आटवावी की थेट नमदा करावा?

दुकानात ‘लोकर द्या’ म्हटलं की हातात बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा गुंडा पडतो. आपण त्यालाही लोकरच म्हणतो आणि बाळाच्या टोपड्याला ते चालून जातं. नमद्याच्या, म्हणजे लोकर आटवून केलेल्या दाट, जाड कापडाच्या पिशवीला मात्र चालत नाही, कारण ॲक्रिलिक काही केल्या आटत नाही. माझी पहिली पिशवी अशीच वाया गेली. अस्सल लोकर म्हणून विकलेले सहा गुंडे, महिनाभराचं विणकाम, आणि तीनदा गरम पाण्यातून काढूनही एकेक टाका मोजता येत होता. फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

तेव्हापासून विणायला बसण्याआधी मी बोटभर धागा जाळून बघते. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. वेष्टणावर ‘सुपरवॉश’ लिहिलं असेल तर तीही ठेवून द्या. ती लोकर खरीच असते, पण यंत्रात धुता यावी म्हणून तिच्या तंतूंवरचे खवले निकामी केलेले असतात. नमदा जमतो तो नेमका या खवल्यांमुळे. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात, ते परत सुटत नाहीत.

लोकर मिळाली की वाटा दोन. एक म्हणजे पिशवी सैल आणि मोठी विणून मग आटवायची. दुसरी म्हणजे न कातलेली, पिंजलेली लोकर साच्याभोवती थराथराने पसरून, ओली करून, चोळून सलग पिशवीच घडवायची.

रंग कसे हवेत, यावर माझ्या मते निम्मा निर्णय होतो. विणलेल्या पिशवीत पट्टा पट्टाच राहतो. शेंदरी संपून मोरपिशी कुठे सुरू झाला ते आटल्यावरही दिसतं, फक्त कडा जराशी मऊ होते. पिंजलेल्या लोकरीत रंग जलरंगासारखे एकमेकांत शिरतात. पिवळ्यावर लालचा विरळ थर दिला तर चोळता चोळता लाल तंतू खालून वर, पिवळे वरून खाली जातात आणि लांबून बघणाऱ्याला केशरी दिसतं. जवळून पाहिलं तर दोन्ही रंगांचे केस वेगळे ओळखू येतात. हे विणून साधत नाही. उलट चौकडी, नक्षी, नेमके पट्टे हवे असतील तर सुयाच बऱ्या.

वेळेचा हिशेबही वेगळा आहे. विणकाम रोज संध्याकाळी तासभर केलं तर दोन-तीन आठवडे चालतं, पण ते गप्पा मारता मारता होतं. थेट नमदा एका दिवसात होतो, मात्र तो दिवस पूर्ण त्याचाच. आडवे-उभे चार पातळ थर, साबणाचं पाणी, अर्धा तास हलक्या हाताने चोळणं, मग चटईत गुंडाळून शेकडो वेळा लाटणं. खांदे दुखरे असतील तर हे काम नको. थर कुठे विरळ राहिला तर तिथे भोक पडतं, आणि ते शेवटीच दिसतं.

विणून आटवण्यात जोखीम मापाची. एरवी 4.5 मिमीची सुई लागणाऱ्या धाग्याला 6.5 किंवा 7 मिमीची घ्या. विणकाम जाळीसारखं ढगळ दिसेल, दिसू द्या. उंची साधारण तिसरा हिस्सा आटते, रुंदी त्याहून कमी, म्हणजे 30 सेंमी उंच पिशवीला 45 सेंमी विणावं लागतं. प्रत्येक लोकर वेगळी आटते, म्हणून आधी वापरायच्या सगळ्या रंगांचा वीतभर तुकडा आटवून बघाच. लाल रंग पांढऱ्यावर उतरतो का तेही तिथेच कळतं, आणि फार शुभ्र केलेली लोकर कधीकधी आटायला कुरकुर करते.

विणलेली पिशवी आटवायला धुण्याचं यंत्र वरून उघडणारं असेल तर बरं, कारण दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघता येतं. गरम पाणी वरून ओता आणि घर्षणाला एक जुनी जीन्स सोबत टाका. समोरून उघडणाऱ्या यंत्रात दार बंद झालं की तुमच्या हातात काही राहत नाही. कोणत्याही यंत्रात पिशवी उशीच्या अभ्र्यात बांधूनच घाला, नाहीतर सुटलेल्या लोकरीने जाळी तुंबते. टाके दिसेनासे झाले की थांबा. जास्त आटलेली पिशवी परत मोठी होत नाही.

आपल्याकडची घोंगडीची लोकर वापरावी का? मला घोंगडी मनापासून आवडते, पण ती लोकर राठ असते आणि काळ्या लोकरीवर उजळ रंग चढत नाही. मी ती पिशवीच्या तळाला वापरते. तिथे तिचा कणखरपणा कामी येतो. आणि हे सगळं करायला वेळच नसेल तर काश्मिरी नमद्याचा तुकडा आणून शिवा, तीही देखणी पिशवी होते.

मी स्वतः आता अंग थेट नमद्याचं करते आणि पट्टा विणून, आटवून वेगळा जोडते. नुसता विणलेला पट्टा भाजीच्या वजनाने लांबत जातो, म्हणून त्याच्या आतल्या बाजूने सुती निवार शिवून टाकते.