जुना कन्सोल कुठे जोडावा: ट्यूबच्या टीव्हीला की सपाट टीव्हीला?

सुपर निन्टेन्डोसारखे कन्सोल बहुतेक गेम्समध्ये साधारण २४० ओळींचं चित्र पाठवतात. ट्यूबचा टीव्ही ते थेट पडद्यावर रंगवतो. बटण दाबताच मारिओ उडी मारतो. आताचे बरेच सपाट टीव्ही मात्र या चित्राला ४८० ओळींचा इंटरलेस्ड (सम आणि विषम ओळी आळीपाळीने पाठवणारा) सिग्नल समजून त्यावर प्रक्रिया करत बसतात. चित्र फिसकटतं, उडी उशिरा पडते आणि मारिओ खड्ड्यात! टीव्हीच्या सेटिंगमधल्या गेम मोडने (यात टीव्ही चित्रावर कमी प्रक्रिया करतो) थोडा फरक पडतो. खरा उपाय म्हणजे मध्ये चांगला अपस्केलर, म्हणजे कन्सोलचं चित्र सपाट टीव्हीला साजेसं मोठं करून देणारा डबा. निन्टेन्डोची झॅपर बंदूक मात्र मूळ स्वरूपात ट्यूबशिवाय नेम ओळखतच नाही.

ट्यूब अवजड असते, आणि बंद असतानाही आत धोकादायक व्होल्टेज राहू शकतं, म्हणून झाकण उघडू नये. तरी जागा असेल तर माझं मत ट्यूबलाच. अधूनमधून खेळणाऱ्याला सपाट टीव्ही आणि अपस्केलर पुरे.