व्हॅलेन्सियाची जर्सी, शहापुरात छापलेली: 25 चांगली, 7 फसलेली

बेळगावच्या शहापुरात एका बोळात सब्लिमेशनचं, म्हणजे कागदावरचा रंग गरम प्रेसने कापडात उतरवणाऱ्या छपाईचं छोटं दुकान आहे. गल्लीच्या टीमचे सेट तिथे निघतात, आणि जुन्या खेळाडूंच्या नावाची एखादी सुटी जर्सीही करून मिळते. सुटी 450 रुपये, चार दिवसांत हातात. इथे बघितल्यात त्या अंतोनियो व्हॅलेन्सियाच्या तीन. इक्वेडोरचा हा फुटबॉलपटू, राइट विंगर, 2009 साली विगनकडून मँचेस्टर युनायटेडला आला, 2019 पर्यंत तिथेच राहिला, शेवटी शेवटी राइट बॅक आणि कॅप्टन झाला, 2021 मध्ये निवृत्त झाला. दहा वर्षांत प्रायोजक, जर्सी बनवणारी कंपनी, नंबर सगळं बदललं. त्यामुळे दुकानाकडची डिझाइनची फाइल कुठल्या सालची आहे हे गिऱ्हाइकानेच बघायचं.

2009-10 ची उत्तम. छातीवर काळा व्ही, प्रायोजक एआयजीची पांढरी अक्षरं, पाठीवर 25. बाहीवरचा प्रीमियर लीगचा सिंहाचा बिल्ला सोनेरी लागतो, कारण आदल्या वर्षीची लीग युनायटेडनेच जिंकली होती. दुकानाच्या फाइलीत तो सोनेरीच निघाला. पुढच्या 2010-11 च्या जर्सीवर तोच सोनेरी बिल्ला टाकला तर चूक, तेव्हा चॅम्पियन चेल्सी होती. (त्या हंगामात सप्टेंबरमध्येच रेंजर्सविरुद्ध घोटा मोडून व्हॅलेन्सिया कित्येक महिने बाहेर होता. ती जर्सी मागणारे तसेही कमीच.)

खरी परीक्षा 2012-13 ची. व्हॅलेन्सियाने युनायटेडचा मानाचा 7 नंबर घातला तो एवढाच हंगाम. 2013 मध्ये तो सोडून पुन्हा 25 घेतला. मिळालेला 7 परत करणारे किती असतील! ही जर्सी बारीक चौकडीची, मँचेस्टरच्या कापड गिरण्यांची आठवण म्हणून. आणि नेमकं चौकडीतच दुकान घसरलं. पुढचा भाग, पाठ, बाह्या वेगवेगळ्या छापून मग शिवतात. दोन्ही भागांना शिवणीची माया सारखी सोडली नाही की बगलेखाली चौकडी तुटते, तशी ती बोटभर तुटलीय. साडीचे काठ जुळवणाऱ्या शहापूर-वडगावात हे डोळ्यांत खुपतंच. दुसरा दोष प्रेसचा. साधारण 200 अंश सेल्सिअसवर 45 ते 60 सेकंद दाबून प्रेस उचलताना कागद केसभर सरकला की रेघ दुहेरी दिसते. साध्या लाल रंगात ते झाकलं जातं, चौकडीत नाही. उष्णता सोसणारी टेप लावून कागद पक्का करणं एवढाच उपाय. पावसाळ्यात कापड दमट असतं, म्हणून छपाईआधी पाचदहा सेकंद कोरडी प्रेस मारायला सांगा, नाहीतर रंगाचे ढग उठतात.

तिसरी इक्वेडोरची पिवळी. व्हॉट्सॲपवर आलेल्या पहिल्या नमुन्यात व्हॅलेन्सिया, नंबर 13. तो एन्नर व्हॅलेन्सिया, 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये इक्वेडोरचे तिन्ही गोल मारणारा. अंतोनियोचा 16. सांगितल्यावर दुकानदाराने लगेच बदलून दिला, कुरकुर नाही.

कापड पांढरं पॉलिस्टर असतं, कारण सब्लिमेशनचा रंग गडद कापडावर उठत नाही. त्यामुळे लाल जर्सी ताणली की शिवणीत पांढरं डोकावतं. शिलाईला लाल दोरा मागून घ्या, पांढरा वापरला तर जास्तच दिसतं. फायदाही आहे: नंबर धाग्यातच मुरलेला, चिकटवलेल्या नंबरासारखा तडकून सोलत नाही. लेले ग्राउंडवर पावसात घसरायचं असेल तर हीच बरी. फक्त पिवळीवर तांबडी माती वाळू देऊ नका. मॅच संपली की गार पाण्यात टाका, ब्लीच नको, कडक इस्त्री नको.

माप अंगाच्या छातीपेक्षा चार इंच जास्त सांगा, कापड फारसं ताणत नाही. चौकडीचीच हवी असेल तर पैसे देण्याआधी बगलेची शिवण उलटून बघा.