कापडी रॉकवूल पॅनेल: गोव्यातल्या हॉलसाठी घ्यावं का?
गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी. फोंडा-मडगावच्या अशा हॉलमध्ये टाळी वाजवली की मागोमाग झणझण ऐकू येते आणि तबल्याच्या चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ हा बोल पसरट होतो. त्यावर 50 मिमी जाडीचं, कापडात गुंडाळलेलं रॉकवूलचं (दगड वितळवून केलेल्या लोकरीचं) पॅनेल खरंच गुणकारी आहे. फक्त ते भिंतीला चिकटवू नका. मागे 50 मिमी फट ठेवली तर आवाजाचं शोषण आणखी खालच्या स्वरांपर्यंत पोचतं, शिवाय पावसाळ्यात हवा खेळती राहून बुरशी कमी धरते. पहिली दोन पॅनेल बाजूच्या भिंतींवर: भिंतीवरून आरसा सरकवत न्या, बसल्या जागेवरून त्यात स्पीकर दिसेल तिथे. डग्ग्याचा घुमारा एवढ्याने जात नाही. त्यासाठी कोपऱ्यात दुप्पट जाडी लागते. अंड्याच्या ट्रेसारखा पातळ फोम घेऊच नका, तो वरचेच स्वर खातो आणि आवाज कोंदट होतो.