म्हापशातून घेतलेली चार इंची थापी

पुरातत्त्वाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिबिरासाठी म्हापशाच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याची ही टोकदार थापी घेतली, १८० रुपयांना. पाते आणि दांडा एकाच लोखंडातून ठोकलेला आहे, तेवढेच बघितले. आधीच्या थापीचा सांधा तिसऱ्याच दिवशी निखळला होता. आपल्या जांभ्याच्या मातीत जोडकाम टिकत नाही.

थापीने आम्ही खणत नाही, खरवडतो. कड आडवी धरून माती अगदी पापुद्र्याएवढी आपल्याकडे ओढायची. ओढता ओढता लाल मातीत काळसर गोल उमटतो. तिथे कधीतरी लाकडी खांब उभा होता, तो कुजला आणि खळग्यात वेगळी माती भरली. मला पहिल्यांदा असा गोल दिसला तेव्हा हात थरथरत होते. दक्षिण गोव्यातल्या चांदर गावी १९२९ साली इतिहास संशोधक फादर हेरास यांनी उत्खनन केले, तिथली माती हाताखाली कशी लागली असेल, हेच तेव्हा मनात आले.

मूठ मात्र फार गुळगुळीत, घामाने निसटते. मी तिच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळली. कड बोथट होते, म्हणून सोबत कानस घ्याच. दुकानदारकाकांनी चार थाप्या काढून दाखवल्या, घाई केली नाही.